अंतर मोजल्याशिवाय वेग छापू नका

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आकाशात अनोळखी प्रकाश किंवा वस्तू दिसल्याची बातमी आली की तिच्यात तीन गोष्टी हमखास असतात: ती किती उंचावर होती, केवढी होती आणि किती वेगाने गेली. पाहणाऱ्याला या तिन्ही कळणे जवळजवळ अशक्य असते. जे तो खात्रीने सांगू शकला असता, म्हणजे किती वाजता, कोणत्या दिशेला, क्षितिजापासून किती वर आणि किती वेळ, ते मात्र बातमीत क्वचितच सापडते. उडत्या तबकड्यांचा विषय पाऊणशे वर्षांनंतरही जागचा फारसा हललेला नाही, त्याचे आमच्या मते हे सर्वांत मोठे कारण आहे. लोक विश्वास ठेवतात की टिंगल करतात याने इतके बिघडत नाही, जितके मोजमाप हाती नसल्याने बिघडते. या विषयाचा अभ्यास प्रत्यक्षात कसा होतो आणि त्यात वृत्तपत्र कुठे मदत करू शकते, हे सांगण्यासाठी हे लांबलेले पत्र.

डोळ्याला काय किंवा एकट्या कॅमेऱ्याला काय, फक्त कोन कळतो. पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा दिसतो. हात ताठ पुढे धरला तर करंगळीची रुंदी साधारण एक अंश आणि बंद मुठीची साधारण दहा अंश भरते. आता एक ठिपका सेकंदाला एक अंश या गतीने सरकतो आहे असे समजा. तो शंभर मीटरवर असेल तर त्याचा वेग सेकंदाला पावणेदोन मीटर. तो वाऱ्यावर निघालेला फुगा असू शकतो. तोच दहा किलोमीटरवर असेल तर सेकंदाला १७५ मीटर, म्हणजे ताशी ६३० किलोमीटर, हे विमान झाले. चारशे किलोमीटरवर असेल तर सेकंदाला सात किलोमीटर, आणि मग तो उपग्रह. तिन्ही वेळा डोळ्यापुढचे दृश्य एकच असते. मोकळ्या आकाशात तुलनेला झाड किंवा घर नसते, त्यामुळे मन आपणच एक अंतर धरून चालते आणि त्या अंतराला शोभेल असा आकार व वेग त्या ठिपक्याला चिकटवते. साक्षीदार खोटे बोलत नसतो. त्याला तसे खरेच दिसलेले असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे अमेरिकी नौदलाच्या लढाऊ विमानातून २०१५ साली टिपलेली आणि पुढे ‘गोफास्ट’ नावाने गाजलेली चित्रफीत. तिच्यात समुद्राच्या लाटांवरून एक ठिपका भरधाव निघालेला दिसतो. पडद्यावर मात्र विमानाची उंची (२५,००० फूट), वस्तूचे अंतर (कॅमेऱ्याने तिला पकडले तेव्हा सुमारे ४.४ सागरी मैल) आणि कॅमेऱ्याचा खाली झुकलेला कोन (सुमारे २६ अंश) उमटलेला आहे. ४.४ सागरी मैल म्हणजे ८.१५ किलोमीटर. २६ अंशांचा साइन ०.४४. गुणाकार ३.६ किलोमीटर येतो, म्हणजे वस्तू विमानाच्या तेवढी खाली होती. विमान ७.६ किलोमीटर उंचीवर, म्हणून वस्तू सुमारे चार किलोमीटर किंवा १३,००० फुटांवर. लाटांचा आणि तिचा काही संबंध नव्हता. विमान स्वतः सेकंदाला १९० मीटरच्या आसपास धावत होते. धावत्या गाडीतून जवळचा खांब मागच्या डोंगरावरून पळताना दिसतो, तसा तो ठिपका समुद्रावरून पळताना दिसला. नासाच्या स्वतंत्र अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३च्या अहवालात हेच गणित मांडले आहे: २२ सेकंदांत ३९० मीटर, म्हणजे ताशी ६४ किलोमीटर. वाऱ्याबरोबर वाहत जाणाऱ्या वस्तूलाही एवढा वेग मिळतो. ती नेमकी काय होती हे यातून ठरत नाही, पण विलक्षण वेगाचा दावा तिथेच संपतो. शाळेतल्या त्रिकोणमितीने हे जमले, कारण अंतराचा आकडा पडद्यावर होता.

अंतर नसलेल्या नोंदीचेही बरेच काही करता येते, फक्त वेळ मिनिटापर्यंत अचूक हवी. तपासाची सुरुवात इथूनच होते. स्थानिक वेळ आधी यूटीसीमध्ये, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, बदलावी, कारण उपग्रह, विमाने आणि हवामानाचे फुगे या सगळ्यांच्या नोंदी यूटीसीत असतात. ही वजाबाकी चुकली किंवा मध्यरात्रीनंतरची तारीख एका दिवसाने सरकली, तर पुढचा सगळा तपास वाया जातो, आणि ही चूक अनुभवी माणसांकडूनही होते. मग स्टेलॅरियमसारख्या तारामंडल सॉफ्टवेअरमध्ये ते ठिकाण व ती वेळ घालून ग्रह पाहावेत. सर्वांत जास्त फसवणारा ग्रह शुक्र. तो सूर्यापासून ४७ अंशांपेक्षा जास्त दूर जात नाही, म्हणून संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेलाच दिसतो. क्षितिजाजवळ हवेच्या हेलकाव्यांनी तो लाल-हिरवा लुकलुकतो आणि चालत्या गाडीतून पाहिला तर पाठलाग करतोय असे वाटते. त्याची ओळख सोपी आहे. खांबाच्या किंवा छपराच्या कडेशी तो जुळवून ठेवावा आणि चार मिनिटे थांबावे. ग्रह आणि तारे या वेळात साधारण एका अंशाने सरकतात. असा आधार न घेता अंधारातल्या एकट्या ठिपक्याकडे टक लावली, तर स्थिर ताराही नागमोडी फिरताना दिसतो. हा दृष्टीचा सर्वज्ञात परिणाम आहे, दारू किंवा थकवा यांचा नव्हे.

बहुतेक उपग्रह लुकलुकत नाहीत. सूर्यास्तानंतरच्या आणि सूर्योदयाआधीच्या एक-दोन तासांत ते अधिक दिसतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक फार तर सहा मिनिटांत आकाश ओलांडते आणि पृथ्वीच्या सावलीत शिरले की आकाशाच्या मध्यावरच विझते. ‘ते अचानक अदृश्य झाले’ या वाक्यामागे बऱ्याचदा हीच सावली असते. मे २०१९पासून स्टारलिंक उपग्रहांच्या सरळ रांगा दिसू लागल्या. हेवन्स-अबव्हसारख्या संकेतस्थळावर त्या ताडून पाहता येतात, पण कक्षेची माहिती त्याच दिवसाची घ्यायला हवी. नव्याने सोडलेले स्टारलिंक आपली कक्षा सतत उंचावत असतात. आठवड्यापूर्वीच्या माहितीवरून काढलेली वेळ काही मिनिटांनी चुकते आणि मग ‘त्या वेळी तिथे काहीच उपग्रह नव्हता’ असा खोटा निष्कर्ष निघतो.

विमानांसाठी फ्लाइटरडार२४ किंवा एडीएस-बी एक्स्चेंज या संकेतस्थळांवर जुने मार्ग पाहता येतात. इथे दोन गोष्टी विसरू नयेत. लष्करी विमाने आपली जागा प्रसारित करतीलच असे नाही, आणि कमी उंचीवरच्या विमानाचा संदेश जमिनीवरच्या दूरच्या ग्राहकयंत्रापर्यंत पोहोचत नाही. नकाशा रिकामा म्हणून आकाश रिकामे, असे धरता येत नाही. उतरण्याचा दिवा लावून थेट आपल्याकडे येणारे विमान कित्येक मिनिटे एकाच जागी लटकलेला झगझगीत गोळा दिसते. ते वळले की ‘गोळा झटक्यात निघून गेला’ अशी नोंद होते. हवामानाचे फुगे जगभर यूटीसी ० आणि १२ वाजण्याच्या सुमारास सोडले जातात. सेकंदाला साधारण पाच मीटर या गतीने ते पावणेदोन तासांच्या आसपास तीस किलोमीटर उंची गाठतात. खाली सूर्य मावळल्यावरही तिथे वीसेक मिनिटे ऊन असते, त्यामुळे अंधारत्या आकाशात ते न हलणारे तेजस्वी बिंदू दिसतात. आकाशकंदील नारिंगी असतात, वाऱ्याच्या दिशेनेच जातात आणि पाच-दहा मिनिटांत एकामागून एक विझतात. त्या रात्रीच्या वाऱ्याची दिशा पाहिली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. उल्का काही सेकंदांची. अंतराळातला कचरा वातावरणात जळत येतो तेव्हा मात्र तुकड्यांची मिरवणूक मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ दिसते.

या शेवटच्या प्रकाराने साक्षीदारांबद्दल फार मोलाचे शिकवले. ३ मार्च १९६८ रोजी सोव्हिएत झोंड-४ मोहिमेचे अवशेष अमेरिकेवरून जळत गेले आणि अनेक राज्यांतल्या लोकांनी ते पाहिले. बऱ्याच जणांनी जळते तुकडे असेच नीट वर्णन केले. काहींनी मात्र चौकोनी खिडक्या असलेले सिगारच्या आकाराचे यान पाहिल्याचे लिहिले. तुकडे एकाच गतीने चालले होते, मनाने त्यांच्याभोवती सांगाडा उभा केला आणि प्रकाशाच्या ठिपक्यांच्या खिडक्या झाल्या. अमेरिकी हवाई दलासाठी उडत्या तबकड्यांचा अभ्यास करणाऱ्या, कोलोरॅडो विद्यापीठातल्या एडवर्ड कॉन्डन यांच्या समितीने या नोंदी तपासल्या, आणि तिच्या अहवालातला हा भाग आम्हाला ‘पुढच्या अभ्यासातून विज्ञानाला फारसे मिळणार नाही’ या त्याच्या गाजलेल्या निष्कर्षापेक्षा महत्त्वाचा वाटतो. मुलाखत घेणाऱ्याने यातून धडा घ्यायला हवा. साक्षीदारांना वेगवेगळे भेटावे. आधी त्यांना मध्ये न बोलता सांगू द्यावे, मग चित्र काढायला लावावे, प्रश्न सगळ्यांत शेवटी. ‘केवढे होते?’ असे विचारू नये; ‘हात लांब केला तर करंगळीमागे झाकले गेले असते का?’ असे विचारावे. शक्य तर त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा उभे करून बोटाने दिशा दाखवायला सांगावी आणि ती होकायंत्राने व कोनमापकाने नोंदवावी. स्मरणातली उंची जवळजवळ नेहमी वाढलेली असते: डोक्यापासून बरीच खाली असलेली वस्तू लोक ‘अगदी डोक्यावर’ म्हणून सांगतात.

फोनचे कॅमेरे आल्यापासून पुरावा वाढला असे म्हणतात. प्रत्यक्षात फसवी चित्रे जास्त वाढली. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याची चौकट आडवी ६५ ते ७० अंश आणि रुंदी चार हजार पिक्सेल धरली, तर एका अंशाला साठेक पिक्सेल येतात. पूर्ण चंद्र तीस पिक्सेलचा. दहा किलोमीटरवरचे तीस मीटर लांबीचे विमान दहा पिक्सेलचे. एवढ्याशा डागावरून आकाराबद्दल बोलण्याला अर्थ नाही. डिजिटल झूम तपशील वाढवत नाही, अंदाजाने भरतो; आणि कडा ठळक करणारी प्रक्रिया तेजस्वी ठिपक्याभोवती काळे कडे काढते. रात्रीच्या मोडमध्ये फोन अनेक चौकटी जोडून एक चित्र बनवतो, त्यात हलता प्रकाश तुटक तुकड्यांत येतो. फोकस सुटला की बिंदू कॅमेऱ्याच्या झरोक्याचा आकार घेतो. नौदलाच्या जहाजावरून टिपलेले लुकलुकते हिरवे ‘त्रिकोण’ असेच होते: रात्री पाहण्याच्या दुर्बिणीतून आलेला प्रकाश कॅमेऱ्यात शिरताना त्रिकोणी झाला होता, हे मे २०२२मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढच्या सुनावणीत सांगितले गेले. तीच कसोटी घरीही लावता येते, कारण चौकटीतले इतर तारेही त्रिकोणी असतील तर आकार कॅमेऱ्याचा आहे. भिंगातले परावर्तन दिव्याच्या बरोबर समोर, चित्राच्या केंद्राच्या पलीकडच्या बाजूला पडते आणि कॅमेरा हलवला की दिव्याच्या उलट सरकते. भिंगाजवळून उडालेला किडा लांबट, पंखांच्या लाटा असलेली ‘कांडी’ होऊन उमटतो.

म्हणून तपासणाऱ्याला मूळ फाइल लागते. संदेशाच्या ॲपवरून साधे चित्र पाठवले की ते दाबले जाते आणि वेळ, भिंग, प्रकाशकाल या आतल्या नोंदी बहुधा गळतात. फाइल ‘दस्तऐवज’ म्हणून पाठवावी. चित्रीकरण करताना झूम न लावता छपराचा कोपरा किंवा झाड चौकटीत घ्यावे, फोन कशाला तरी टेकवावा, आणि वस्तू गेल्यावरही अर्धा मिनिट चित्रीकरण चालू ठेवावे. त्या आधारावरून पुढे कोन काढता येतो. फोनच्या होकायंत्रावर विसंबू नये; लोखंडाजवळ ते दहा-दहा अंश चुकते. चित्रात दोन-तीन तारे आले तर दिशा त्यांच्यावरून कितीतरी अचूक मिळते.

खरा अभ्यास दोन ठिकाणांहून होतो. दोन कॅमेरे पाच किलोमीटरवर ठेवले आणि वस्तू पन्नास किलोमीटरवर असेल, तर दोघांच्या दिशांत पावणेसहा अंशांचा फरक पडतो. कोन मोजण्यात एक दशांश अंशाची चूक झाली तर अंतर पाऊण-एक किलोमीटरने चुकते, ते चालण्यासारखे आहे. पण घड्याळे एका सेकंदाने मागेपुढे असली आणि वस्तू सेकंदाला एक अंश सरकत असली, तर कोनात एक अंशाची आणि अंतरात जवळजवळ नऊ किलोमीटरची चूक येते. बहुतेक हौशी प्रयत्न इथेच फसतात: भिंगांवर पैसा खर्च होतो आणि घड्याळाकडे दुर्लक्ष होते. दोन्ही ठिकाणी जीपीएसवरून वेळ घेतली की हा प्रश्न मिटतो. कॅमेऱ्यापुढे मिलिमीटरला तीनशे ते पाचशे रेषांची विवर्तन जाळी (प्रकाशातले रंग वेगळे करणारी पट्टी) लावली तर ठिपक्याशेजारी त्याचा वर्णपट उमटतो, आणि वर्णपट अंतर न कळताही बरेच सांगतो. सोडियमच्या दिव्याची रेषा ५८९ नॅनोमीटरवर येते. पांढऱ्या एलईडीचे निळे शिखर ४५०च्या आसपास असते आणि त्यापुढे रुंद उंचवटा असतो. ग्रह सूर्यप्रकाशाचा सलग पट्टा देतो. चुंबकीय क्षेत्रमापक लावायचा तर रस्त्यापासून दूर, कारण जवळून गेलेली मोटारही सुईला हलवते; आणि त्याची नोंद जवळच्या चुंबकीय वेधशाळेशी ताडून पाहायची, नाहीतर सौर वादळाला यानाची खूण समजले जाते. रडारचेही तसेच. जुलै १९५२मध्ये वॉशिंग्टनच्या आकाशात रडारवर आलेल्या खुणांवर फार गदारोळ झाला. त्या रात्रींना गार हवेवर उबदार हवेचा थर होता, आणि असा थर रडारचा किरण वाकवून जमिनीवरच्या वस्तूच पडद्यावर आणू शकतो. हवाई दलाने दिलेले हे स्पष्टीकरण सर्वांनी मानले नाही, पण त्या थराची नोंद न पाहता रडारचा पुरावा मांडणे योग्य नव्हे.

नॉर्वेतल्या हेसडालेन दरीत १९८१च्या अखेरीपासून अनोळखी प्रकाश वारंवार दिसू लागले. १९८४च्या हिवाळ्यात तिथे रडार, क्षेत्रमापक आणि जाळी लावलेले कॅमेरे घेऊन मोहीम झाली आणि १९९८पासून स्वयंचलित केंद्र बसले. आमच्या मते या विषयातला हा सर्वांत प्रामाणिक रस्ता: जिथे घटना पुन्हा घडते तिथे उपकरण ठेवून वाट पाहणे. हार्वर्डमध्ये २०२१ साली सुरू झालेल्या गॅलिलिओ प्रकल्पाने आठ इन्फ्रारेड कॅमेऱ्यांचा संच बांधला आणि ये-जा करणाऱ्या विमानांच्या प्रसारित जागांवरून त्याची दिशा जुळवून घेतली. पाच महिन्यांत सुमारे पाच लाख वस्तूंच्या नोंदी झाल्या. गाळत गाळत १४४ मार्ग संदिग्ध उरले. ते बहुधा साध्या वस्तूंचे असावेत, पण अंतर कळल्याशिवाय निर्णय देता येत नाही, असे त्या संशोधकांनीच लिहिले आहे.

आता त्या नेहमीच्या आकड्याबद्दल. उडत्या तबकड्यांच्या नोंदी तपासणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या प्रोजेक्ट ब्लू बुकमध्ये १९६९पर्यंत १२,६१८ नोंदी जमल्या, त्यांतल्या ७०१ ‘अज्ञात’ राहिल्या. एक पक्ष म्हणतो, ही ७०१ याने. दुसरा म्हणतो, माहिती थोडी अधिक असती तर तीही सुटली असती. दोन्ही दावे आकड्याच्या पलीकडे जातात. दुसऱ्या पक्षाने हेही लक्षात घ्यावे की १९५५ साली हवाई दलासाठी झालेल्या सांख्यिकी अभ्यासात उत्तम प्रतीच्या नोंदींमध्ये अज्ञातांचे प्रमाण निकृष्ट नोंदींपेक्षा जास्त निघाले होते. याचा अर्थ अजून नीट लागलेला नाही आणि तो थट्टेने लागणारही नाही. फ्रान्सच्या अंतराळ संस्थेतले गेपान नावाने १९७७ साली सुरू झालेले आणि आता गेइपान म्हणून चालणारे कार्यालय नोंदींचे चार वर्ग करते: ए म्हणजे नक्की उलगडलेले, बी म्हणजे बहुधा उलगडलेले, सी म्हणजे माहिती अपुरी, डी म्हणजे पुरेशी माहिती असून तपासानंतरही न उलगडलेले. डी वर्ग तीन टक्क्यांच्या आसपास आहे. सी आणि डी वेगळे ठेवणे ही या पद्धतीची खरी ताकद. आपल्या बातम्यांत या दोन्हींना सरसकट ‘गूढ’ म्हटले जाते.

तेव्हा आमची विनंती अशी. अशी बातमी घेताना बातमीदाराने घड्याळातली वेळ आणि ती कशावरून सांगितली, पाहणाऱ्याची नेमकी जागा, सुरुवातीची व शेवटची दिशा, मुठींनी मोजलेली उंची, एकूण कालावधी, आणि पाहणारा बसलेला होता की चालत्या वाहनात, एवढे विचारावे व छापावे. उंची, आकार आणि वेग यांचे आकडे, अंतर कसे कळले ते सांगता येत नसेल तर, गाळावेत. तपासात तो शुक्र किंवा उपग्रह निघाला तर तेही त्याच पानावर, तेवढ्याच आकाराच्या मथळ्याखाली द्यावे. आणि कशाशीच जुळले नाही, तर मूळ फाइल व ही नोंद कार्यालयात जपून ठेवावी. दुसऱ्या गावातून कुणाकडे त्याच क्षणाचे चित्र पुढे महिन्यांनी निघाले, तरी दोन्ही चित्रांतल्या ताऱ्यांवरून अंतर तेव्हाही काढता येते.

आपले नम्र,
आकाशनिरीक्षण आणि मापनाचे काम करणारे काही वाचक